कप्तानाची रजा

हनीफ, तू मला फसवतोयस असा माझा संशय होता. तू गेलास म्हणून आता सुचलेलं हे नाही. तू समोर खुर्चीत बसून सुपारी कातरत असायचास तेव्हाही तो होता, आणि मला तो आहे हे तुला चांगलं ठाऊक होतं. माझ्या बायकोला विचार हवं तर. दर रविवारी तुझ्याकडनं घरी आलो की चपला काढता काढता माझं पहिलं वाक्य हेच असायचं, "ह्यानं आज पण पदरचं काहीतरी घातलं बघ."

परवा तुझं चाळिसावं झालं. भाभींनी आठवणीनं माझ्यासाठी वेगळी आमटी केली होती. जेवताना सगळे तुझ्याबद्दल बोलत होते. हनीफभाई किती सरळ माणूस, कधी कुणाशी खोटं बोलला नाही. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. सरळ माणूस! तुला हे ऐकायला मिळालं असतं तर तू माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला असतास.

आपलं जहाज आठवून लिहायचं म्हणजे आधीपासून लिहायला पाहिजे. तुला काय सांगायचं त्यात, पण लिहितोय तर नीट लिहितो. ती मालिका इंग्रजी. नाव लांबलचक, मला ते कधी धड म्हणता आलं नाही, म्हणून आपण नुसतं 'जहाज' म्हणायचो. पृथ्वीवरनं निघालेलं एक जहाज आभाळात वाट चुकतं आणि घरी परतायच्या खटपटीत ग्रहामागून ग्रह पालथे घालत हिंडतं, एवढीच गोष्ट. तेवढ्यावर बावीस वर्षं काढली त्या लोकांनी, आणि आपणही. पहिल्यांदा केबलवर लागलं तेव्हा दोघांचे केस काळे होते. एक कप्तान, जो जेवायचा पण उभ्यानंच. त्याच्या इंजिनाचा म्हातारा मिस्त्री. एक डॉक्टरीणबाई. आणि तो हिरव्या कातडीचा, शिरा उठलेला, ज्याचं नाव तू 'दोडका' ठेवलंस.

मला इंग्रजी येत नाही. सातवीनंतर शाळा सुटली, टॉवेलच्या कारखान्यात लागलो आणि जॉबर झालो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. तू कोर्टाजवळ एका वकिलाकडं तीस वर्षं इंग्रजी टायपिंग केलंस. त्यामुळं इंग्रजी खातं तुझ्याकडं. जहाजावरचे लोक बोलायचे आणि तू शेजारी बसून मला आपल्या भाषेत सांगायचास.

संशय काय उगाच आला नाही मला. कप्तान पाच मिनिटं हातवारे करून बोलायचा, भिंतीवर मूठ आपटायचा, आणि तू सांगायचास, "न्हाय म्हणतोय." उलट मिस्त्री जाता जाता एक शब्द टाकून जायचा आणि तुझं सुरूच. मिस्त्रीच्या बहिणीचं लग्न अडलंय, मिस्त्रीची पाठ धरलीय, मिस्त्रीला वाटतंय की कप्तानाला यंत्रातलं शष्प कळत नाही.

"एवढं सगळं एका शब्दात?" मी विचारायचो.

"इंग्रजी लई दाट भाषा हाय बे," तू म्हणायचास.

एकदा मी चिडून बोललो की टायपिंग करणाऱ्याला अर्थ कळतोच असं कुठं हाय, तर आठ दिवस तू माझा फोन उचलला नाहीस. नवव्या दिवशी नव्या पेठेत भर गर्दीत मला गाठलंस आणि रिक्षावाले हॉर्न मारत असताना एका दुकानाची अख्खी इंग्रजी पाटी अर्थासकट म्हणून दाखवलीस. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. मी हात जोडले तेव्हा कुठं थांबलास.

आणि नियम तुझाच होता, माझा नाही. जहाज एकट्यानं बघायचं नाही. तुझ्या पोरीनं, रेश्मानं, नवा टीव्ही आणून त्यावर सगळं जहाज केव्हाही बघता येईल अशी सोय केली, तेव्हा मी जरा दचकलोच. केव्हाही म्हणजे माझ्या मागं पण की! तेव्हा तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "सिद्ध्या, रविवारी अकरा. त्याच्या आधी हात लावणार न्हाय, नंतर न्हाय." मी मान डोलावली, पण तेव्हापासून तुझ्यावर नजर ठेवली. मी तीस वर्षं लूमच्या आवाजात काढलीत. शंभर लूम चालू असताना कुठल्या एकाचा ठेका चुकतोय ते मला पाठमोरा उभा राहून कळायचं. इंग्रजी न कळू दे, माणसाचा आवाज मला कळतो.

म्हणून तो भाग मी विसरणार नाही.

त्या दिवशी तू सुरुवातीपासूनच चुकत होतास. कप्तान डॉक्टरीणबाईच्या खोलीत शिरला. शिरायच्या आधीच तू रिमोट उचलून आवाज कमी केलास. पुढं काय येणार हे माहीत असल्याशिवाय कोण असं करेल? मी मनात टिपून ठेवलं. मग ती दोघं बोलायला लागली. हळू, थांबून थांबून. बाईचे डोळे भरले. कप्तान पहिल्यांदाच खुर्चीत बसला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा! मी तुझ्याकडं बघितलं. तू टीव्हीकडं बघत म्हणालास, "रजा मागतोय."

"कोण?"

"कप्तान. दमलोय म्हणतोय. थंड कपाटात झोपणार, घर आलं की उठवा म्हणतोय."

"आणि ती रडतीय कशाला?"

"लांबची रजा हाय ना."

जहाजाच्या टाकीला भोक पडलेलं, मागं शत्रू लागलेला, आणि कप्तान रजेवर! मी विचारलं टाकीचं काय, तर तू म्हणालास, "दोडका बघतो टाकीचं." दोडका! ज्याला दार उघडता येत नाही नीट. शेवटाला तर कहर. कप्तानाला काचेच्या पेटीत झोपवलं, सगळे रांगेत उभे, मिस्त्री काचेवर हात ठेवून खाली मान घालून उभा, आणि सगळ्यांनी टोप्या काढलेल्या.

"रजेवर जाणाऱ्यापुढं टोप्या काढतात काय बे?"

"त्यांच्यात पद्धत हाय."

माझं डोकं फिरलं. कसला भाग, कसलं काय. मी मोठ्यानं बोलायला लागलो, मला हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, लूमवाल्यांना नाहीच येत. म्हणालो, एवढी लांब रजा कुणी मंजूर केली? म्हणालो, एक तर लिहिणाऱ्यांची अक्कल संपलीय, न्हायतर तू मला शेंडी लावतोयस. तू म्हणालास, "माणूस दमतो बे सिद्ध्या." मी म्हणालो, हा माणूस दमणारा न्हाय. मी म्हणालो, तू हे आधी बघितलंयस, घे शपथ. तू म्हणालास, "चहा घे." शपथ घे म्हटलं तर चहा घे! आजवर प्रत्येक भागाला नावं ठेवणारा तू, रबराचे राक्षस बघून खो खो हसणारा तू, त्या दिवशी त्या टाकाऊ भागाची बाजू घेऊन माझ्याशी पाऊण तास भांडलास. मी चहा न घेता उठलो. जिन्यावरनं ओरडलो, "तुझं जहाज तुलाच लखलाभ." वरनं तुझं हसणं ऐकू आलं आणि मला आणखी राग आला.

तू बारीक झाला होतास. शर्ट खांद्यावरनं उतरत होता. विचारलं होतं मी, महिनाभर आधी. तू म्हणालास डॉक्टरनं साखर बंद केलीय. मला सगळ्या गोष्टींचा संशय यायचा, भाजीवाल्याच्या काट्याचा, जावयाच्या नोकरीचा, तुझ्या इंग्रजीचा. ह्या एका गोष्टीचा नाही आला. मी उलट म्हणालो, बरं झालं, पोट सुटलं होतं.

पुढच्या रविवारी मी आलो नाही. तुला फोनवर सांगितलं की वळसंगला भाच्याच्या घराची वास्तुशांत आहे. हनीफ, मी वळसंगला गेलो नव्हतो. भाच्यानं घरच बांधलेलं नाही. मी घरात कॉटवर पडून होतो, तुला धडा शिकवायचा म्हणून. तू विचारलंस, "मागं लूम वाजायलेत तुझ्या. वळसंगात पण आले काय?" आमच्या गल्लीतले लूम, तुला त्यांचा आवाज पाठ. मी म्हणालो, "आलेत की." तू म्हणालास, "बरं. जेवून ये मग सावकाश." तुला कळलं होतं. तेवढं एक वाक्य तू किती सरळपणे बोललास, ते मला रोज ऐकू येतं.

सोमवारी रेश्माचा फोन आला आणि मी दवाखान्यात गेलो तेव्हा कळलं की पोटात गाठ आहे, बरेच दिवस आहे, आणि आता काही करण्यासारखं नाही. तू डोळे मिटून पडला होतास. मी पलंगाजवळ उभा राहिलो. माझा हात हातात घेऊन तू पुटपुटलास, "भाग बकवास होता ना?"

काय बोलावं माणसानं अशा वेळी? मी म्हणालो, "एकदम बकवास."

तू डोळे न उघडता हसलास. बुधवारी गेलास. म्हणजे आपल्या बावीस वर्षांच्या दोस्तीत मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द बकवास. चाळीस दिवस मी ह्याच गोष्टीशी झोंबत होतो. त्यात हा संशय. मेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. पण तो जाईना. तू माझ्या मागं ते जहाज बघत होतास का? आणि बघत होतास, तर बावीस वर्षांतलं खरं किती होतं?

आज रविवार. सवयीनं अकराला तुझ्या दारात उभा राहिलो. रेश्मानं दार उघडलं, काही न विचारता टीव्ही लावला. मी तुझ्या खुर्चीत बसलो नाही, माझ्याच खुर्चीत बसलो. त्या पडद्यावर भागांची रांग लागते. जो भाग बघून झाला त्याच्याखाली लाल रेघ येते, हे मला तिनंच शिकवलेलं. आपण बघितलेला शेवटचा भाग होता, त्याच्याखाली रेघ. पुढच्या अकरा भागांखाली काहीच नाही. तू एकही पुढं जाऊन बघितलेला नव्हतास. मला बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

तरी विचारलंच. स्वभावाला औषध नाही. "रेश्मा, खरं सांग. अब्बा माझ्या मागं जहाज बघायचे काय गं?"

ती इंग्रजी शाळेत शिकवते, पोरांचं खोटं पकडणारी. तिला स्वतःला खोटं बोलता येत नाही. म्हणाली, "काका, दर शनिवारी. माझ्याबरोबर."

दर शनिवारी!

"रागावू नका. नवीन लोक लई भराभर बोलतात, अब्बांना कळायचं न्हाय. पाच-सहा वर्षं झाली. शेवटचा शनिवार तेवढा चुकला, त्यांना बसवेना. मी थांबवून थांबवून अर्थ सांगायचे, ते लिहून घ्यायचे. सिद्ध्यापुढं अडकायला नको म्हणायचे. अडकलो तर तो म्हणणार, टायपिंगवाल्याला अर्थ कळत न्हाय."

तिनं कपाटातनं एक जाड फाइल आणली. वकिलाकडचे एका बाजूनं टाइप केलेले जुने कागद, त्यांच्या कोऱ्या पाठीवर तुझं बारीक अक्षर. प्रत्येक रविवारचा एक कागद. कप्तान काय म्हणाला, दोडका काय म्हणाला. मिस्त्रीच्या नावापुढं मात्र दोन-दोन कागद भरलेले. आणि समासात लिहिलेलं, 'इथं सिद्ध्या हसेल.' अरे, शाळेत तरी एवढा अभ्यास केला होतास का?

मी म्हणालो, "तो भाग लाव. आणि तो डॉक्टरीणबाईच्या खोलीत जातो, तिथं मला जसं हाय तसं सांग. पदरचं काही घालू नको."

तिनं लावला. कप्तान आला, खुर्चीत बसला. रेश्मा सांगायला लागली. तो आजारी होता, हनीफ. बाई त्याला सांगत होती की थोडेच दिवस उरलेत. तो म्हणत होता, मिस्त्रीला सांगू नका. बाई म्हणाली, बावीस वर्षांचा दोस्त आहे तुमचा, त्याला हक्क आहे. तेव्हा कप्तान म्हणाला, त्याला कळलं तर तो माझ्याशी भांडायचं सोडेल. तुम्ही सगळे आता माझ्याशी हळू बोलायला लागलात. एक माणूस तरी मोठ्यानं बोलणारा राहू द्या.

रेश्मानं तिथं टीव्ही थांबवला. "काका, एक मिनिट," म्हणाली आणि ओढणीनं डोळे पुसले. मग सांगितलं, "त्याच आठवड्यात रिपोर्ट आलेला. फक्त मला माहीत होतं, अम्मीला अर्धंच सांगितलेलं. शनिवारी हे वाक्य मी अब्बांना सांगितलं आणि मलाच पुढं बोलता येईना. अब्बांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, कागद दे. उद्या सिद्ध्याला काय सांगायचं ते बघू."

तो कागद फाइलीत सगळ्यात वर होता. अर्धा कागद खरं खरं लिहिलेलं, त्यावर आडव्या रेघा मारलेल्या. खाली लिहिलंय: 'कप्तान रजेवर. सिद्ध्या विचारणार, टाकीचं काय. सांगणे, दोडका बघतो. टोप्यांचं विचारणार. सांगणे, पद्धत.' आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून: 'लई भांडणार.'

मी रडलो, हनीफ. तुझ्या पोरीसमोर, चष्मा काढून. तू मला शेंडी लावलीस, ती पण अभ्यास करून लावलीस. मला पाऊण तास ओरडू दिलंस आणि मनात मजा घेतलीस. आणि मी शहाणा, आवाज ओळखणारा, त्या दिवशी तुझा ठेका कुठं चुकतोय ते बरोब्बर पकडलं आणि कशानं चुकतोय ते मला कळलं नाही. राग आहेच माझा. मला सांगितलं असतंस तर मी रोज आलो असतो. पण खरं बोलायचं तर मी रोज येऊन तुझ्याशी हळूच बोललो असतो, फळं आणली असती, तुझं काहीही ऐकून घेतलं असतं. तुझं चाललंय तेच बरोबर, असं म्हणालो असतो. तुला त्याचा कंटाळा आला असता. तेव्हा माझ्या बकवासचं आता मला एवढं वाईट वाटत नाही. तुला तेच ऐकायचं होतं.

एक सांगतो, खरा भागही काही फार ग्रेट नव्हता. ते एक दृश्य सोडलं तर पुढं टाकीचं भोक कसं बुजलं हे त्यांनी धड दाखवलंच नाही. तुझा दोडका बरा त्यापेक्षा.

तेवढ्यात भाभी चहा घेऊन आल्या. बावीस वर्षं त्यांनी जहाज बघितलं नाही, स्वयंपाकघरातनं नुसतं ऐकलं, आपल्या भांडणांसकट. कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुम्ही भांडून गेलात ना त्या दिवशी, तर हे लई वेळ एकटेच हसत होते. लई दिवसांनी अख्खी भाकरी खाल्ली, शेंगाची चटणी मागून घेतली. मी विचारलं काय झालं, तर सांगितलं न्हाय." मग पडद्याकडं बघत म्हणाल्या, "तो उभ्यानं जेवणारा कुठं गेला भाऊ? दिसत न्हाय."

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. कागद अजून माझ्या मांडीवर होता.

"रजेवर गेलाय," मी म्हणालो.

"एवढ्यात परत येतो का?"

"लांबची रजा हाय, भाभी. दमला होता. घर आलं की उठवणार हायत त्याला."

"आणि जहाज कोण चालवतंय?"

"दोडका बघतो."

भाभींनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं. त्यांना माझं एक अक्षर पटलेलं नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण त्या तुझी खुर्ची जरा पुढं ओढून तिच्यात बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मग लावा की पुढचं."